बस्त्याच्या दिवशीची गाडी

दिग्विजयने गाडी घेतल्यापासून तिच्यात आपल्या माणसांपेक्षा परकी माणसंच जास्त बसली होती. खराडीच्या ऑफिसबाहेर तो सिग्नलला थांबला की कुणीतरी मागचं दार उघडून खुशाल आत बसे आणि मोबाईलमधून मान वर न करता म्हणे, "विमाननगर, भैया." मॉलचा वॉचमन त्याला न चुकता भाड्याच्या गाड्यांच्या रांगेकडे हाकलत असे. एकदा एक बाई तर लहान मूल आणि भाजीची पिशवी मागच्या सीटवर ठेवून मोकळी झाली आणि वर एसी वाढवायला सांगू लागली.

गाडी वाईट नव्हती. ॲव्हरेज उत्तम, एसी झकास, आणि दिग्विजयच्या पगारात बसणारी. पण कर कमी लागावा म्हणून गाडी चार मीटरच्या आत बसवायला कंपनीने तिची डिकी मागून कापल्यासारखी आखूड केली होती. स्वस्तातली डिकीवाली गाडी म्हणून शहरातल्या निम्म्या टॅक्स्याही त्याच कंपनीच्या होत्या, त्याच रंगाच्या. पांढऱ्या.

अनंतराव परचुऱ्यांनी ती पहिल्यांदा पाहिली ती नारायण पेठेतल्या आपल्या गॅलरीतून.

"स्पृहा, खाली तुझी टॅक्सी आलीये."

"बाबा, ती दिग्विजयची गाडी आहे."

"तेच म्हणतोय मी."

दिग्विजय तेव्हा जिना चढत होता. त्याने ऐकलं, पाणी प्यायला, पोहे खाल्ले, आणि निघताना स्पृहाला एवढंच म्हणाला, "मला काहीही म्हणू देत. पण हा शब्द माझ्या आईच्या कानावर जाता कामा नये." आईने गाडी अजून पाहिलेली नव्हती. पण गावाकडे, मानवतमधल्या सगळ्या गल्लीला तिचा रंग तोंडपाठ होता.

स्पृहा आणि दिग्विजयच्या लग्नाला अनंतराव नाही म्हणाले नव्हते. नाही म्हणाले असते तर स्पृहाने भांडण तरी केलं असतं. "मुलगी सज्ञान आहे, आम्ही पाहुणे," असं एकदा म्हणून ते खरोखरच पाहुण्यासारखे वागू लागले होते. वेळेवर येत, चहा घेत, घड्याळ बघत. बँकेतून निवृत्त झालेला माणूस तारखा ठरवण्यात तरी लक्ष घालेल अशी आशा होती, तीही गेली. स्पृहाला वडिलांकडून फक्त एक धड वाक्य हवं होतं, आणि बस्त्याचा दिवस उजाडला तरी ते मिळालेलं नव्हतं.

बस्ता ही सोळंक्यांकडची, म्हणजे दिग्विजयच्या घरची चाल. लग्नाचं सगळं कापड दोन्ही घरांनी एकत्र बसून घ्यायचं, नवरीच्या शालूपासून मामाच्या टॉवेल-टोपीपर्यंत, आणि शेवटी दुकानदाराने दोन घरांचे दोन गठ्ठे बांधून द्यायचे. बस्ता बांधला की लग्न झाल्यातच जमा. त्यानंतर मोडलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही.

लक्ष्मी रोडवरच्या दुकानात, वरच्या मजल्यावर, पांढऱ्या गादीवर दोन्ही घरं समोरासमोर बसली होती. स्पृहाची आई मंदाकिनीबाई मनापासून रमल्या होत्या. त्यांच्या माहेरी आणि सासरी लग्नाची खरेदी म्हणजे यादी, पिशवी आणि घरी परत. इथे एक साडी पसंत करायला सगळ्यांनी पदराला हात लावायचा, नावं ठेवायची, बाजूला सारायची आणि शेवटी तीच घ्यायची. आपण इतकी वर्षं काय काय गमावलं, असं त्यांना वाटून गेलं.

"ह्यो नको, ह्यो फिका हाय. दुसरा दावा!" वैजनाथराव ओरडले. दिग्विजयचे वडील. मानवतला त्यांची पिठाची गिरणी होती, आणि पट्ट्याच्या आवाजावर जन्मभर बोलून त्यांचा आवाज कायमचा चढून बसला होता. ते रागावलेत असं समजून दुकानदाराने दोनदा माफी मागितली होती.

दिग्विजयची आई यमुनाबाई मात्र गप्प होत्या. रात्रभर ट्रॅव्हल्सने प्रवास करून नवराबायको सकाळी पुण्यात उतरले आणि दिग्विजयची गाडी गर्दीत अडकल्यामुळे रिक्षाने थेट दुकानातच आले होते. मांडीवर एक गाठोडं होतं आणि ते त्या खाली ठेवत नव्हत्या. दुपार चढली तशी त्यांच्या कपाळावर घाम आला आणि हातातली पैठणी त्यांनी उलटी धरली.

"विहीणबाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"काई नाई. झोप नाई झाली मनून."

"आई, तू माझ्या फ्लॅटवर जाऊन पड," दिग्विजय म्हणाला. फ्लॅट वाघोलीला. पेठेत पार्किंगची मारामारी म्हणून त्याने आज गाडीला एक ड्रायव्हर ठरवला होता, आणि तो मंडईजवळच्या पार्किंगमध्ये वाट बघत होता. "तो सोडेल तुला."

"अनोळखी मानसासंगं एकली?"

"हे जातील की सोबत!" मंदाकिनीबाईंच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनाच आपल्या बोलण्याची भीती वाटली. अनंतराव कोपऱ्यात बसून 'विकलेला माल बदलून मिळणार नाही' ही पाटी पुन्हा पुन्हा वाचत होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते ताबडतोब उठले. खरं म्हणजे या गादीवरून सुटायला ते वाघोलीच काय, नगरलाही गेले असते.

"काका, गाडी दारातच येईल," दिग्विजय म्हणाला. "पांढरी. नंबर सांगतो, एम एच बारा..."

"कळतं मला. गॅलरीतून पुष्कळदा पाहिली आहे."

ते जिना उतरले, मागून गाठोडं घेऊन यमुनाबाई. अनंतरावांचा मोबाईल मंदाकिनीबाईंच्या पर्समध्ये राहिला हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

*

गाडी दारात होतीच. पांढरी. मागे दोन बस हॉर्न वाजवत होत्या आणि कोपऱ्यावरचा वाहतूक पोलीस शिट्टी फुंकत पुढे येत होता.

"बसा काका, बसा लवकर, मामा आला!" ड्रायव्हर म्हणाला.

अनंतरावांनी दार उघडलं, यमुनाबाईंना आत बसवलं, स्वतः दुसऱ्या बाजूने बसले. गाडी निघाली. "नगर रोडनीच घेऊ ना?" ड्रायव्हरने विचारलं. "अर्थात," अनंतराव म्हणाले, आणि ड्रायव्हरशी त्यांचं बोलणं तिथे संपलं. ड्रायव्हरशी गप्पा मारल्या की तो रस्ता चुकतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

नदी ओलांडेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. व्याह्यांशी तोंड वर करून बोलायचं नाही ही यमुनाबाईंची रीत. पण गार हवा लागली, डोकं हलकं झालं, आणि त्या खिडकीशी बोलू लागल्या.

"किती गार लागायलंय. आन् आवाज नाई काई नाई."

अनंतराव पुढच्या सीटच्या पाठीकडे पाहत म्हणाले, "हं. बरा आहे एसी."

"सीट बी मऊ हाय." त्यांनी हळूच सीटवर हात फिरवला. "आमच्या गल्लीत समद्यांनी फोनमधी बघितली. मीच काय ती नाई बघितली. मनलं, बसंन तवाच बघंन."

येरवड्याच्या सिग्नलला गाडी रखडली. ड्रायव्हरचा फोन वाजला. त्याने तो उचलला नाही, पुन्हा वाजला, पुन्हा उचलला नाही. चालवताना फोन घेत नाही म्हणजे मुलाने ड्रायव्हर तरी बरा बघितलाय, असं अनंतरावांना वाटलं. दिग्विजयबद्दलचं हे त्यांचं पहिलं अनुकूल मत.

"ते गाठोडं खाली ठेवा की," ते सीटच्या पाठीला म्हणाले. "पायांना रग लागेल."

"ऱ्हाऊ द्या. जन्मभर मांडीवरच घेतलंय. एष्टीत वर ठिवलं की ध्यान तिकडंच लागतंय." त्या खिडकीत बघून हसल्या. "दिगू लहान व्हता तवा एका मांडीवर त्यो आन् एका मांडीवर गाठोडं. लई भांडायचा. मनायचा, माय, मला दोनी मांड्या पायजेत."

अनंतरावांनी गाठोड्याला जागा व्हावी म्हणून जरा सरकून घेतलं.

"गाडी घ्यायची ठरली तवा त्येच्या बापानं सांगितलं, बारकी घे, बिनडिकीची. पुण्यात लावायला सोपी. तर मनला, नाई. माय आली की तिचं गाठोडं डिकीत जाईल आन् माय मोकळ्या हातानं बसंल." त्या थांबल्या. "येड्यासारखं बोलतंय लेकरू. गाठोड्यासाठी कुनी गाडी घेतंय का?"

अनंतरावांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. या डिकीबद्दल त्यांचंही एक मत होतं आणि ते त्यांनी घरी चांगलं रंगवून सांगितलं होतं. ऐपत छोट्या गाडीची आणि हौस मोठ्या गाडीची, म्हणून मागे शेपूट लावून घेतलंय, असं ते म्हणाले होते. मंदाकिनी हसली होती. आता त्यांना ते हसू आठवलं आणि मुळीच बरं वाटलं नाही.

"मग आज का नाही ठेवलंत डिकीत?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता.

"तुमचा पोलीस शिट्टी मारायलता की वो."

*

तिकडे दुकानात दिग्विजयचा फोन वाजला. त्याचा ड्रायव्हर होता. "सर, रस्त्याला दोन चकरा झाल्या. दारात कोणीच नाहीये."

दिग्विजय आणि स्पृहा खाली धावले. दारातल्या वॉचमनने मान डोलावली. "आजोबा आणि गाठोडंवाल्या बाई ना? गेले की मघाशीच. पांढऱ्या टॅक्सीने."

"टॅक्सीने?"

"हो. पिवळ्या पाटीच्या. मीच दार लावलं."

दिग्विजयचा चेहरा उतरताना स्पृहाला दिसला. तो काय समजला हे तिला लगेच कळलं, कारण तिच्याही मनात तेच आलं होतं.

"माझ्या गाडीत बसायचं नव्हतं त्यांना," दिग्विजय म्हणाला. "माझ्या आईला घेऊन मुद्दाम टॅक्सी केली त्यांनी, स्पृहा. तिला मी सहा महिने सांगतोय, ये, तुला गाडीत बसवतो."

"बाबा असं..." असं करणार नाहीत, एवढं वाक्य तिला पुरं करता आलं नाही. बाबा करू शकतात, हे तिला माहीत होतं. "फोन करते मी." तिने फोन लावला आणि वरच्या मजल्यावर, आईच्या पर्समध्ये, वडिलांचा फोन वाजला.

दोघं वर आले तेव्हा दुकानदार सुतळी घेऊन बसलाच होता. "बांधायचा ना बस्ता?"

"नाही," दिग्विजय म्हणाला. "थांबा. नका बांधू."

दुकानदाराने सुतळी खाली ठेवली. मंदाकिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या नवऱ्याची बाजू घेतील अशी वाट बघणाऱ्या स्पृहाला त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. मी असते तरी थांबले असते." नवऱ्याने जन्मभर केलेले टोमणे त्यांनी हसून पोटात घातले होते, आणि आज त्या प्रत्येक हसण्याची त्यांना लाज वाटली.

दिग्विजयची बाजू घेणारं खुद्द त्याच्या वडिलांइतकं कोण असणार? पण वैजनाथराव उठले आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"बांधू नका असं मनायचं नसतंय, दिगू."

"तात्या, आईला कुठं नेलंय माहीत नाही..."

"व्याही संगं हायत. बायको माझी गेली, मी वरडायलो का? टॅक्सीनं गेले का उंटावर गेले, मानूस मानसासंगं गेलंय. यील." एवढं बोलून ते जिन्यापाशी गेले. कठड्याला धरून ते खालच्या रस्त्याकडे बघत राहिले, आणि प्रत्येक पांढऱ्या गाडीसरशी त्यांची मान पुढे जात होती. लक्ष्मी रोडवर त्या दुपारी पांढऱ्या गाड्यांना तोटा नव्हता.

स्पृहा दिग्विजयच्या शेजारी जाऊन बसली. "माझे बाबा तुला टॅक्सीवाला म्हणाले, ते मी थांबवायला हवं होतं," ती म्हणाली. "मीही हसले होते त्या दिवशी. थोडीशी."

"मला दिसलं होतं," दिग्विजय म्हणाला. पण त्याने तिचा हात झिडकारला नाही.

*

खराडीच्या चौकात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. ड्रायव्हरचा फोन पुन्हा वाजू लागला, तेव्हा त्याने गाडी कडेला आयटी पार्कच्या भिंतीशी, झाडाखाली उभी केली.

"काका, एकच मिनिट. लई वेळ वाजतोय."

"थांबलीच हाय तर उरकूनच घेते," यमुनाबाई म्हणाल्या आणि अनंतराव विचारायच्या आत गाठोडं घेऊन खाली उतरल्या. गाठोड्यातून हळदकुंकवाचा करंडा निघाला, नारळ निघाला, लिंबं निघाली. नवी गाडी घरी आली तेव्हा त्या इथे नव्हत्या. पूजा राहून गेली होती.

"हां बोला," ड्रायव्हर फोनवर म्हणत होता. "अवो, काका-काकू तर कधीच बसलेत की गाडीत. खराडीत आलो पन... काय? चष्म्याच्या दुकानापुढं? अजून उभेच हाय?" तो सावकाश मागे वळला. "काका, तुमी पाटील न्हाई का?"

"मी कशाला पाटील असेन?" अनंतराव म्हणाले. आणि मग समोरच्या काचेवर चिकटवलेला परवान्याचा कागद, गणपतीशेजारी लावलेली दरांची पट्टी आणि ड्रायव्हरच्या फोनवर उघडा असलेला नकाशा, हे सगळं त्यांना एकदम दिसलं. मघापासून ते डोळ्यांसमोरच होतं. टॅक्सी. गॅलरीतून इतक्या ठामपणे ओळखणारे आपण, आणि खऱ्या टॅक्सीत बसून अर्धं पुणं ओलांडलं तरी कळलं नाही.

काचेपलीकडे यमुनाबाई बॉनेटवर बोटाने स्वस्तिक काढत होत्या. डोक्यावर पदर, चेहरा घामेजलेला, आणि त्या चेहऱ्यावर असं समाधान, की अनंतरावांना तिकडे बघवेना.

"नाव काय तुझं?" त्यांनी विचारलं.

"भैरू."

"भैरू, चूक माझी आहे. तुझ्या पाटीलकाकांना दुसरी गाडी करायला सांग, तुझं जे काही असेल ते मी बघतो. पण त्या बाईंना काही सांगू नकोस."

"पन काका, माझ्या गाडीची पूजा करायल्यात त्या!"

"करू दे. आत्तापुरती ती त्यांच्या मुलाची आहे."

भैरूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा काचेतून बाहेर. मग त्याने चप्पल काढली आणि तो खाली उतरला. अनंतरावही उतरले. देवळातही हात मागे बांधून उभा राहणारा हा माणूस भाड्याच्या गाडीपुढे हात जोडून उभा राहिला, आणि आयटी पार्कमधून चहाला बाहेर पडलेली दोन पोरं त्यांच्याकडे बघत गेली.

यमुनाबाई वाकून खाली कुंकू लावत होत्या. नंबराच्या पाटीपाशी त्यांचा हात जरासा थांबला. मग तिथेही त्यांनी ठसठशीत बोट टेकवलं, नारळ ओवाळून दगडावर फोडला आणि चाकांखाली लिंबं ठेवली.

"ये बाळा, तुला बी टिळा लावते," त्या भैरूला म्हणाल्या. "गाडी कुनाची का असंना, चालवनार तर तूच. सांभाळून चालीव."

भैरूने कपाळ पुढे केलं.

अनंतरावांनी त्याचा फोन मागून घेतला आणि मग ते हातात धरून उभे राहिले. दुकानातल्या कुणाचाही नंबर त्यांना पाठ नव्हता. घरचा लँडलाईन होता, पण घरी कोणी नव्हतं. मंदाकिनीचा नव्हता, मुलीचा नव्हता. सगळं शहर जन्मभर पाठ असल्यासारखं बोलून शेवटी पाठ असलेला आणि कामाचा असा एकच नंबर उरला, मंदाकिनीच्या पर्समध्ये राहिलेल्या स्वतःच्या फोनचा. तोच त्यांनी लावला.

*

मंदाकिनीबाईंच्या पर्समध्ये फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यांनी तो कापला. दुपारच्या वेळी कर्ज हवंय का विचारणारेच फोन करतात. पुन्हा वाजला, तेव्हा स्पृहाने तो हिसकावून घेतला.

"बाबा! कुठे आहात तुम्ही?"

"आईला दे."

स्पृहाने स्पीकर चालू करून फोन मधोमध धरला. सगळ्यांना ऐकू येत होतं.

"खराडीत आहोत आम्ही," अनंतरावांचा आवाज आला. "विहीणबाई अगदी छान आहेत. गार हवेत बसून त्यांना हुशारी आली आहे. एक गोंधळ झालाय. आम्ही चुकीच्या गाडीत बसलो." मग त्यांनी स्वतःलाच दुरुस्त केलं. "म्हणजे मी बसलो. त्या माझ्यामागून आल्या. नंबर सांगत होता दिग्विजय, मी ऐकून घेतला नाही. माझं चुकलं."

मंदाकिनीबाई गादीवर मटकन बसल्या. हसू आणि रडू एकदमच आलं आणि दोन्हीला वाट करून देत त्या म्हणाल्या, "पुन्हा सांगा. नीट ऐकू नाही आलं."

"मंदा, आलंय तुला ऐकू." मग ते जरा खाकरले. "दिग्विजय आहे का तिथे? त्याला म्हणावं, गाडी घेऊन इकडे ये. तुझ्या आईला तुझ्या गाडीत बसायचंय. आणि त्यांना अजून काही माहीत नाही. ही गाडी त्या तुझीच समजताहेत. त्यांच्या मनाला लागेल असं कोणी काही बोलू नका."

दिग्विजय उठून खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे सैल पडलेले स्पृहाला दिसले. मग तो वळून दुकानदाराला म्हणाला, "बांधा."

"बांधा!" जिन्यापाशी वैजनाथराव गरजले. त्यांचा आवाज पुरता परत आला होता. "दोनी गठ्ठे घट्ट बांधा! सुतळीला गाठ मारा दोन-दोन!"

*

खरी गाडी खराडीला पोचली तेव्हा उन्हं कलली होती. ड्रायव्हरला मोकळं करून दिग्विजयने स्वतः चालवत आणली होती, मागे मंदाकिनीबाई आणि स्पृहा, पुढे वैजनाथराव. भैरूच्या गाडीमागे ती उभी राहिली आणि दोन्ही गाड्या अशा दिसल्या की कुणीही फसावं.

अनंतराव तयारीत होते. "विहीणबाई, या गाडीत हवा जरा कमी वाटतेय," ते घसा साफ करत म्हणाले. "दिग्विजयने ही दुसरी आणली आहे. आपण त्या..."

"कशाला उगी, दादा?" यमुनाबाई म्हणाल्या. दिवसात पहिल्यांदाच त्या खिडकीशी किंवा भिंतीशी न बोलता त्यांच्याकडे बघून बोलल्या. "पाटी पिवळी हाय की तिची. मानवतला भाड्याच्या जीपगाड्यांना असती तसली. एवढं कळतंय मला."

अनंतरावांनी मान खाली घातली. हे त्यांच्या बाबतीत फार क्वचित घडे.

"मग पूजा..."

"कुंकू लावाय वाकले तवा दिसलं. आता अर्धी पूजा सोडतेत का? आन् ह्यो बी कुनाच्या तरी मायचा लेकच हाय." त्यांनी भैरूकडे पाहिलं. "कुंकू काई वाया नाई गेलं. तुमी हात जोडून हुबे व्हते. कसं सांगावं मनून गप ऱ्हायले."

अनंतराव हसले. टोमणा मारताना हसायचे तसे नाही, पोटातून. मंदाकिनीबाई ते ऐकून गाडीतून उतरल्या आणि रस्त्यातच त्यांनी विहिणीला कवटाळलं. वैजनाथराव "मी मनलोच व्हतो!" असं सगळ्या खराडीला सांगत होते. यमुनाबाई मग लेकाच्या गाडीकडे वळल्या. तिला त्यांनी हात लावला, करंड्यात उरलेलं कुंकू लावलं, आणि दिग्विजयच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

"काका," दिग्विजय म्हणाला.

"डिकी उघड," अनंतराव म्हणाले.

डिकीत बस्त्याचे दोन गठ्ठे होते, परचुऱ्यांचा आणि सोळंक्यांचा, आणि आखूड डिकी त्यांनीच भरून गेली होती. अनंतरावांनी यमुनाबाईंच्या हातातलं गाठोडं मागून घेतलं. त्या देईनात, पण त्यांनी घेतलंच. एक गठ्ठा डावीकडे रेटला, दुसरा उजवीकडे दाबला आणि मधल्या फटीत गाठोडं नीट बसवलं. झाकण लावून पाहिलं. लागलं.

"लहान आहे," ते दिग्विजयला म्हणाले. "पण बरोबर घेतलीस. मी असतो तरी हीच घेतली असती." आणि शेजारी उभ्या स्पृहाकडे न बघता त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो काढला नाही.

सगळे एका गाडीत मावणार नव्हते. "मी आणि व्याही टॅक्सीने येतो," अनंतराव म्हणाले. "भैरू, वाघोलीला घे. आणि गप्पा मारल्यास तरी चालेल."

यमुनाबाई लेकाशेजारी पुढे बसल्या. गाडी सुरू झाली, गार हवा आली. मोकळ्या हातांचं काय करायचं ते त्यांना काही केल्या सुचेना. त्यांनी ते दाराला लावले, पदराला लावले, डॅशबोर्डवर फिरवले. वाघोली जवळ आल्यावर शेवटी ते त्यांनी आपल्या रिकाम्या मांडीवर ठेवले आणि तसेच राहू दिले.